सातारा: जुन्या गच्चीवरचं टारफेल्ट बदलायचंय. वरूनच नवा थर टाकू की जुनं सगळं काढू?

शाहूपुरी_सातारा

नमस्कार मंडळी. शाहूपुरीत आमचं १९७४ सालचं घर आहे. विटांच्या भिंती, वर आरसीसी स्लॅब, गच्ची साधारण २० फूट बाय ४० फूट. स्लॅबवर सुरुवातीला नुसता सिमेंटचा पातळ कोबा होता. नव्वदच्या दशकात वडिलांनी त्यावर गरम डांबर आणि टारफेल्ट (डांबर पाजलेलं जाड कापड) करून घेतलं, पुढे अधूनमधून त्यावरच डांबराचा हात मारला. आता फेल्ट जागोजागी फुगलंय, पाय दिला की दबतं, उन्हाच्या बाजूला जाळीसारख्या भेगा पडल्यात. गेल्या जुलैत पश्चिमेच्या खोलीच्या छताला ओल आली. ती आता वाळली आहे, पण लोणा फुटलाय आणि गिलाव्याचे पोपडे पडतायत. एका जागी सळईही दिसायला लागली.

गच्ची बघून गेलेल्यांपैकी एक म्हणतो, आहे त्यावरच गॅसच्या टॉर्चने, म्हणजे ज्योतीने तापवून, मेम्ब्रेन (डांबराची जाड चादर) चिकटवू. दुसरा म्हणतो, विटांच्या तुकड्यांचा कोबा करा आणि वर चायना चिप्स, म्हणजे फरशीचे तुकडे, लावा. तिसऱ्याला पांढरं कोटिंग मारायचंय. सगळेच दहा वर्षांची हमी देतात. आई-बाबा याच घरात राहतात, मला हे काम एकदाच आणि नीट करायचं आहे. कोणी अनुभवाने सांगाल का?

माणदेशी

ताई, आमच्या माणच्या बाजूला अजून काही घरांना माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर आहे. रोहिण्या लागायच्या सुमाराला माळवदावर पांढरी माती टाकून चोपायची, हे दरवर्षीचं ठरलेलं काम. आमच्याकडे पाऊस कमी म्हणून ते टिकतं, साताऱ्यात नाही टिकायचं. पण वर्षातून एकदा कोणीतरी वर चढून हाताने सगळं बघतं, हा त्यातला मोठा फायदा. डांबर मारलं की माणसं वर जायचीच बंद होतात.

निवृत्त_शाखा_अभियंता

ताई, कुठला माल वापरायचा हे सर्वांत शेवटी ठरवू. आधी पाणी कुठून येतंय ते पाहू. काही प्रश्न:

ओल फक्त पावसाळ्यातच येते का? टाकी कुठे आहे? पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) माथ्याला, म्हणजे वरच्या आडव्या भागाला भेगा आहेत का? फेल्ट पॅरापेटवर किती चढवलंय? आणि पाणी बाहेर जायला पाइप किती, केवढे?

साताऱ्यातला पाऊस सरळ पडत नाही. यवतेश्वर-कासच्या अंगाने वारा येतो आणि झड तिरकी बसते. पश्चिमेच्या पॅरापेटचा बाहेरचा गिलावा तडकलेला असेल तर पाणी भिंतीत शिरतं, विटांमधून खाली उतरतं आणि स्लॅबच्या कडेला बाहेर पडतं. खालून पाहणाऱ्याला वाटतं स्लॅब गळतोय. अशा घरात गच्चीवर कितीही खर्च केला तरी पुढच्या आषाढात डाग तिथेच.

तुमचं घर ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतरचं, म्हणजे तो मोठा धक्का त्याने सोसलेला नाही. पण कोयना भागातले लहान धक्के त्यानंतरही होत आले आहेत आणि स्लॅब रोज उन्हाने फुगतो, रात्री आकसतो. या सगळ्याचा ताण पॅरापेट आणि स्लॅबच्या जोडावर येतो. तो कोपरा नीट बघा.

शाहूपुरी_सातारा

काका, ओल फक्त पावसाळ्यात. टाकी पूर्वेला आहे, तिच्याखाली कोरडं आहे. पश्चिमेच्या पॅरापेटच्या माथ्यावर उभ्या-आडव्या भेगा आहेत आणि एका ठिकाणी पिंपळाचं रोप उगवलंय. फेल्ट भिंतीवर जेमतेम चार बोटं चढवलंय, तेही सुटून पुढे झुकलंय. पाइप एकच, तीन इंची, उत्तरेच्या बाजूला मधोमध. पाऊस थांबला की दक्षिणेच्या कडेला पाणी बराच वेळ साचून राहतं.

निवृत्त_शाखा_अभियंता

मग अर्धं उत्तर तुमच्याच हातात आहे. हिशेब पाहा. गच्ची ८०० चौरस फूट म्हणजे साधारण ७४ चौरस मीटर. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. तासाभरात ५० मिलीमीटर पडला तर ३७०० लिटर पाणी त्या एका तीन इंची पाइपातून जायला हवं, आणि त्या पाइपाच्या तोंडाशी पानं असतात. तासाला १०० मिलीमीटरचा पाऊस धरला तर १०० मिलीमीटर व्यासाचा, म्हणजे चार इंची एक पाइप साधारण ४० चौरस मीटरला पुरतो. तुम्हाला चार इंची दोन पाइप हवेतच.

ते दोन्ही पाइप एकाच बाजूला लावू नका. एक उत्तरेला, एक दक्षिणेला. कारण उताराचा आणि वजनाचा थेट संबंध आहे. २० फूट रुंदीत सगळं पाणी एकाच बाजूला न्यायचं तर ८० ला १ या उताराने तीन इंच चढ द्यावा लागतो. विटांच्या तुकड्यांचा कोबा कमी बाजूला दोन इंच धरला तर दुसऱ्या बाजूला पाच इंच होतो, सरासरी साडेतीन. तुमच्या गच्चीवर त्याचं वजन साडेबारा टनांच्या आसपास जाईल. मधोमध माथा ठेवून दोन्हीकडे उतार दिला तर पाण्याला दहाच फूट जायचंय, चढ दीड इंचच लागतो. बारीक खडीचं काँक्रीट एक इंचापासून अडीच इंचांपर्यंत घातलं तर वजन साडेसात टनांच्या आसपास. शिवाय जुना कोबा काढला तर त्याचे तीन-साडेतीन टन उतरतील. म्हणजे घरावर नवीन बोजा फार तर साडेचार टनांचा.

पन्नास वर्षांच्या स्लॅबला हा फरक लहान नाही. येण्याजाण्याच्या गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात माणसं-सामानाचा भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो धरतात. साडेतीन इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला त्याहून जास्त भरतं. तो कोबा कायम तिथेच राहणार. सळई जिथे दिसतेय त्या स्लॅबवर तो टाकायला मी सही करणार नाही.

कृष्णाकाठ

सांगलीहून. काकांचं वजनाचं म्हणणं मनावर घ्या. २०१९ च्या पुरात आमच्या गावभागात खालचं सगळं सामान माणसांनी वर नेलं होतं. धान्याची पोती, कपाटं, पाण्याचे ड्रम आणि वर माणसं. गच्चीवर अचानक किती भार येईल हे सांगता येत नाही. साताऱ्यात नदीचा पूर घरात येणार नाही, पण लग्नकार्यात गच्चीवर पंगती बसतातच की.

आणि त्या पांढऱ्या कोटिंगबद्दल. आमच्या चुलत्यांच्या घरी जुन्या डांबरावरच सिमेंटचं कोटिंग मारून दिलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात पापुद्रे सुटले, वर पिवळे-तपकिरी डाग आले. उन्हाळ्यात खोल्या गार राहतात म्हणून मला पांढरी गच्ची हवीच वाटते, आमच्याकडे मे महिना सोसवत नाही. पण डांबरावर ते धरत नाही.

विश्रामबागचा

ताई, मी सांगली-मिरज भागात हेच काम करतो, साताऱ्यालाही येतो. त्यामुळे माझा यात धंदा आहे हे आधीच सांगतो. हवं तर माझं ऐकून काम दुसऱ्या कोणाला द्या.

कृष्णाकाठ म्हणतात ते बरोबर. सिमेंटचं किंवा ॲक्रिलिकचं कोटिंग करायचं असेल तर डांबराचा कण न् कण घासून काढावा लागतो. डांबरातलं तेल वर येतं आणि कोटिंग सोडवतं. डांबरी मेम्ब्रेनचं तसं नाही. कोब्याला घट्ट धरून बसलेलं थोडं डांबर मागे राहिलं तरी त्यावर प्रायमर (चिकटण्यासाठीचा पहिला पातळ हात) आणि मेम्ब्रेन चिकटतं.

पण म्हणून जुन्या फेल्टवरच नवं चिकटवायचं नाही. तुमचं फेल्ट फुगलंय, म्हणजे खाली पाणी कोंडलंय. वर नवा थर टाकला की ते पाणी दोन थरांमध्ये अडकतं. ऊन तापलं की त्याची वाफ होते आणि नव्या मेम्ब्रेनला फोड येतात. दुसरं म्हणजे नवं मेम्ब्रेन फेल्टला चिकटतं, स्लॅबला नाही. फेल्ट सुटलं की दोन्ही मिळून सुटतं. तिसरं, आणि मला हे सर्वांत मोठं वाटतं, काढल्याशिवाय खालचा कोबा आणि स्लॅब दिसत नाही. सळई उघडी पडलेल्या घरात न बघता वर झाकण घालणं बरोबर नाही.

काढायचं काम सकाळी लवकर लावा. गारठ्यात जुनं डांबर कडक असतं, पहार आणि टिकावाने मोठे तुकडे उचलले जातात. अकराच्या पुढे ते मऊ पडतं, अवजाराला चिकटतं. कटर मशिनने दोन-दोन फुटांचे चौकोन पाडून घेतले की सोपं जातं, फक्त पातं फेल्टपुरतंच उतरवायचं. काढलेला माल गच्चीवर एका जागी ढीग करून ठेवू नका, भार होतो. आणि तो जाळू देऊ नका. आमच्याकडे गुऱ्हाळाच्या चुलाणीसाठी मागायला येतात. देऊ नका. जुन्या फेल्टमध्ये कोळशाचं डांबर असू शकतं, त्याचा धूर फार वाईट. नगरपालिकेला विचारून जिथे टाकायला सांगतील तिथे पाठवा.

कराडकर_रस्ते

एवढा खर्च कशाला? माझ्याकडे रस्त्याच्या कामाचं डांबर असतं. गच्ची झाडून दोन हात गरम डांबर ओता, वर बारीक कच टाका. आमच्या शेडच्या छताला तसंच केलंय.

विश्रामबागचा

दादा, शेडला चालेल, राहत्या घराला नको. रस्त्याचं व्हीजी-३० डांबर ४७ अंशांच्या पुढे मऊ व्हायला लागतं. मे महिन्यात काळी गच्ची ६०-७० अंशांपर्यंत तापते. ते उताराने वाहून पाइपाच्या तोंडाशी जमा होणार आणि वरच्या बाजूला पातळ पडणार. छतासाठी पूर्वीपासून ८५/२५ प्रतीचं डांबर वापरतात, ते ८५ अंशांच्या आसपास मऊ होतं. टॉर्चने लावायचं एपीपी (डांबरात प्लॅस्टिक मिसळलेलं) मेम्ब्रेन तर दीडशेच्या आसपास. त्यात पॉलिएस्टरचं कापड असतं ते वेगळंच, स्लॅब आकसला-फुगला तरी ते ताण घेतं.

कराडकर_रस्ते

हे माहीत नव्हतं. शेडवरचं उन्हाळ्यात वाहतं हे खरं आहे. ताई, माझा सल्ला सोडून द्या.

शाहूपुरी_सातारा

सगळ्यांचे आभार. म्हणजे ठरलं, जुनं काढायचंच. आता क्रम कसा लावू? शेजारच्यांच्या घराला लाकडी छज्जा आहे आणि तो आमच्या पॅरापेटला लागून आहे, त्यामुळे गॅसच्या टॉर्चची मला भीती वाटते. शिवाय नंतर सोलर पॅनेल बसवायचे आहेत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, म्हणून बाबा घाई करतायत.

निवृत्त_शाखा_अभियंता

सोलर थांबवा, गच्ची आधी. एकदा पॅनेल लागले की खालचं काम कोणी करत नाही.

क्रम सांगतो. फेब्रुवारी सरायच्या आत फेल्ट आणि सुटलेला कोबा काढून घ्या. मग हातोडीने सगळा स्लॅब ठोकून ऐका, वरून आणि खालूनही. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तिथे खडूने खूण करा. खालून सळई दिसतेय तिथलं सुटलेलं काँक्रीट पूर्ण पाडायचं, सळईच्या मागेही बोट जाईल इतकं. तारेच्या ब्रशने गंज काढून गंजरोधक लावायचं आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरायचं. नुसत्या गिलाव्याने झाकलेला गंज आत वाढत राहतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो पुन्हा गिलावा फोडतो. बद्द भाग फार निघाला तर तिथेच थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मी हे दुरून सांगतोय, प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा शब्द शेवटचा.

पिंपळाचं रोप वरून कापू नका, मूळ निघेपर्यंत वीट उकरा. पॅरापेटचा माथा फोडून नव्याने करा, त्याचा उतार गच्चीकडे द्या. बाहेरच्या गिलाव्याच्या भेगा उघडून भरा. हे सगळं झाल्यावर पाइपांची भोकं, मग उताराचं काँक्रीट. लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) माथ्याच्या आणि कडेच्या खुणा आधी करून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. भिंत आणि गच्चीच्या कोपऱ्यात मॉर्टरचा तीन इंची वाटा, म्हणजे गोलाई मारा, कारण मेम्ब्रेन काटकोनात दुमडलं की तिथेच फाटतं. काँक्रीटला आठ-दहा दिवस पाणी मारा, आणि मग वाळू द्या. या वाळण्याची घाई सगळेच करतात. मेम्ब्रेन एप्रिलमध्ये लागलं तरी मृगाला वेळ आहे.

मंगळवार_पेठ

वाळलंय की नाही हे कसं कळणार? एप्रिलमध्ये वळीव आला तर?

विश्रामबागचा

संध्याकाळी प्लॅस्टिकचा जाड कागद, दीड-दोन फुटांचा चौकोन, चारी बाजूंनी चिकटपट्टीने गच्चीवर चिकटवायचा. सकाळी ऊन चढल्यावर उचलून बघायचा. आतून दव धरलं असेल किंवा खालचं काँक्रीट काळपट दिसलं तर थांबायचं. दोन-तीन ठिकाणी करा, माथ्याला एक आणि पाइपाजवळ एक तरी. वळीव पडला तर वाळू देऊन पुन्हा करा. या चाचणीला पैसा लागत नाही, फक्त थांबायची तयारी लागते. मालकांनीच स्वतः करावी असं मी सांगतो.

टॉर्चबद्दल ताईंची भीती रास्त आहे. लाकडी छज्जाच्या बाजूला साधारण तीन फुटांत ज्योत न लावता स्वतः चिकटणारं मेम्ब्रेन वापरता येतं. बाकी ठिकाणी टॉर्च, पण छज्जाला ओलं गोणपाट, शेजारी पाण्याच्या बादल्या आणि आग विझवायचा सिलिंडर. काम संपल्यावर तासभर तरी माणूस वर थांबला पाहिजे, लाकडात ठिणगी धुमसत राहते. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगा, म्हणजे छज्जावरचं वाळवण आणि कपडे काढतील.

लावताना काय बघायचं ते सांगतो. सुरुवात पाइपाच्या तोंडापासून, खालून वर. वरची पट्टी खालच्या पट्टीवर चढली पाहिजे, म्हणजे जोडावरून पाणी ओघळून जातं. बाजूचा जोड १० सेंटिमीटर, टोकाचा १५. जोडाच्या कडेला वितळलेल्या डांबराची बारीक रेघ बाहेर आलेली दिसली पाहिजे. ती दिसली नाही तिथे थापीचं टोक घालून बघा, उचलतंय का. भिंतीवर किमान सहा इंच चढवा, तिथे विटेत खाच पाडून टोक आत घ्या आणि मॉर्टरने बंद करा. तुमचं जुनं फेल्ट सुटून पुढे झुकलंय ना, त्याचं टोक उघडं होतं म्हणून. पाइपाच्या तोंडात मेम्ब्रेन आत उतरवून चिकटवायचं, काठावर कापून सोडायचं नाही.

रोलचा हिशेबही करून ठेवा. एक रोल १ मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०७ चौरस फूट. जोड वजा जाता गच्ची झाकते साधारण ९५ चौरस फूट. तुमचे ८०० आणि भोवतीच्या १२० फूट भिंतीवर एक फूट धरून १२०, असे ९२० चौरस फूट. म्हणजे दहा रोल लागतील. कोणी आठ रोल आणले तर जोड कमी घेणार किंवा भिंतीवर चढवणार नाही, हे माल उतरतानाच ओळखा. आणि दर ठरवताना मोजमाप झाकलेल्या गच्चीचं की लावलेल्या मालाचं, हे लिहून घ्या. निम्मी भांडणं तिथेच होतात.

कृष्णाकाठ

वर काय करायचं? काळं उघडं ठेवलं तर आई-बाबांच्या खोल्या तापतील.

विश्रामबागचा

उघडं ठेवायचंच नाही, उन्हाने कडक होतं. ये-जा नसेल तर वरून खडीचा थर असलेलं मेम्ब्रेन घ्यायचं, किंवा साध्यावर ॲल्युमिनियमचा रंग द्यायचा आणि तो काही वर्षांनी पुन्हा मारायचा. आई-बाबा वर पापड-कुरडया वाळवणार, कपडे घालणार असतील तर त्यावर पातळ संरक्षक थर आणि पांढऱ्या फरशा. पण त्याचं वजन काकांना विचारून.

निवृत्त_शाखा_अभियंता

पाऊण इंच मॉर्टर आणि पातळ फरशी मिळून चौरस मीटरला साठ किलोच्या आसपास धरा. पूर्ण गच्चीला मी नको म्हणेन. जिन्यापासून वाळवणाच्या जागेपर्यंत पट्टा फरशीचा करा, बाकीच्यावर रंग.

सोलरच्या पायांसाठी मेम्ब्रेनला भोक पाडू देऊ नका. उताराचं काँक्रीट करतानाच पायांचे ओटे स्लॅबशी जोडून घ्या, मेम्ब्रेन ओट्यांच्या बाजूंवर चढवा, बोल्ट ओट्यात. सोलरवाल्यांकडून पायांचं अंतर आत्ताच लिहून घ्या. ओटे पाण्याच्या वाटेत आडवे येणार नाहीत असे ठेवा.

शाहूपुरी_सातारा

बाबांनी हे सगळं वाचलं आणि सोलरसाठी थांबायला तयार झाले. करारात मी असं लिहितेय: जुनं फेल्ट आणि सुटलेला कोबा पूर्ण काढणे. स्लॅब ठोकून आमच्यासमोर खुणा करणे. दुरुस्ती वेगळ्या दराने. चार इंची दोन पाइप, उत्तर आणि दक्षिण. उतार ८० ला १. प्लॅस्टिक कागदाची चाचणी आमच्यासमोर. एपीपी मेम्ब्रेन ४ मिलीमीटर, दहा रोल, रोलवरचं लेबल आम्हाला दाखवून. लाकडी छज्जाकडे ज्योतीशिवाय. शेवटी पाणी भरून चाचणी. काही राहिलं का?

विश्रामबागचा

दोन गोष्टी. पाणी भरायची चाचणी रंग आणि फरशीच्या आधी करायची, असं लिहा. नंतर गळालं तर फोडायला कोणी तयार होत नाही. दोन्ही पाइप बंद करून माथ्यावर इंचभर पाणी राहील इतकं भरायचं आणि ४८ तास ठेवायचं. तुमच्या गच्चीला तीन-साडेतीन हजार लिटर लागेल, मे महिन्यात नळाचं पुरणार नाही, टँकर कोणाचा तेही लिहा. खालून छताला त्या दोन दिवसांत सकाळ-संध्याकाळ बघा.

आणि शेवटचा हप्ता या चाचणीनंतर. हमीच्या कागदात पॅरापेटचा जोड आणि पाइपांची तोंडं नाव घेऊन लिहून घ्या. नुसतं "गच्चीची हमी" असं लिहिलं की गळती तिथून निघाली तर ती भिंतीची आहे, असं सांगून हात झटकतात.

शाहूपुरी_सातारा

लिहिलं. टँकर त्यांच्याकडे, बघायचं काम आमच्याकडे. पहारीचं काम येत्या सोमवारी सकाळी सहाला सुरू होतंय. स्लॅब उघडला की फोटो इथेच टाकते, काका तुम्ही बघा.